सहा नंबरचा बदली

रत्नपाल तायडे वेळेचा पक्का माणूस. किती पक्का, तर मल्हारगंजातल्या त्याच्या गल्लीत बायका घड्याळ बघायच्याच नाहीत. त्याची सायकल निघाली की पोरांना शाळेसाठी हाका मारायला लागायच्या. सात वाजून पाच मिनिटांनी घर सोडायचं, राजमोहल्ला, महूनाका करत साडेसातच्या ठोक्याला अन्नपूर्णा रोडवर हजर. यात फुशारकीचं काही नव्हतं. जयवंत मिलच्या टाइम ऑफिसात बारा वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावलेला माणूस तो, त्याला स्वतःला उशीर करणं जमतच नसे.

मिलला टाळं लागून नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत त्याने धर्मकाट्यावर वजनं लिहिली, छापखान्यात प्रूफं वाचली, मानपुरच्या नाक्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रकांचे नंबर टिपले. सगळीकडे हंगामी. 'अभी देखते हैं' एवढंच प्रत्येक शेठ म्हणायचा, आणि मग एक दिवस बघणं संपायचं. आजोबा महूच्या छावणीत सुभेदार होते, वडील मिलमध्ये परमानेंट होते, आणि आपण चव्वेचाळिसाव्या वर्षी अजून कोणाच्या तरी मर्जीवर. हे त्याला आतून खात होतं. त्याच्या बायकोला, दुर्गाला, ते दिसायचं, पण ती बोलायची नाही.

मिलच्या शेवटच्या दोन वर्षांत हजेरीसाठी एक कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर रत्नपालचा हात बसला होता. तेवढ्या शिदोरीवर गेल्या वर्षी तो स्मिता मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासात लागला. साड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मॅडमचं टेबल, आतल्या खोलीत सहा कॉम्प्युटर, प्रत्येकावर दुर्गाने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. मॅडम मूळच्या नाशिकच्या, नवऱ्याच्या पीथमपुरातल्या नोकरीमुळे इंदूरला आलेल्या. बाई सरळ होत्या, पण कामाला कडक.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्यांनी त्याला बोलावलं. "रत्नपालजी, सोमवारपासून लिनक्सची पहिली बॅच. बावीस मुलांनी नावं दिलीयत. सहाही मशीनवर विंडोज तसंच राहू दे, टायपिंगवाल्यांना ते लागतं. त्याच्या शेजारी लिनक्स बसवायचं. जमेल?"

"टेन्शन नका घेऊ मॅडमजी. होऊन जाईल."

"नक्की ना? कारण भोपाळचे एक गृहस्थ यायला तयार आहेत. पण ते आले तर कायमचेच येतील, मला दोघं परवडणार नाहीत." मग म्हणाल्या, "जमलं, तर सोमवारीच तुमचं परमानेंटचं पत्र टाइप करते."

परमानेंट. हा शब्द रत्नपालने नऊ वर्षांत स्वतःबद्दल ऐकला नव्हता. त्याचे कान गरम झाले. "जमेल," तो म्हणाला, आणि 'मॅडमजी' म्हणायचं विसरला.

खाली जिन्यापाशी स्टुलावर नाना बसायचे. नाना जयवंत मिलमध्ये विणकाम खात्याचे जॉबर होते, पन्नास-साठ मागांवर त्यांचा शब्द चालायचा. आता सत्तरीत चौकीदारी. वर जाणाऱ्याने त्यांच्या वहीत नाव, वेळ लिहून सही करायची, हा नियम त्यांनीच काढला होता. मॅडमनी कधी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी रत्नपाल सीडी घेऊन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ये क्या नया तमाशा?"

"एका मशीनमध्ये दोन सिस्टम टाकायच्यात, नाना. पहिली असेल तेव्हा दुसरी गप्प. दुसरी चालू असेल तेव्हा पहिली गप्प. मशीन एकच."

"म्हणजे बदली," ते म्हणाले.

रत्नपाल हसला. बरोबर होतं की! मिलमध्ये परमानेंट कामगार गेटवर पितळी बिल्ला पेटीत टाकून आत जायचा. भोंगा झाल्यावर दहा मिनिटं वाट बघायची. तेवढ्यात ज्याचा बिल्ला पडला नाही, त्याच्या मागावर गेटबाहेर उभ्या असलेल्यांपैकी एक जण जायचा, तो बदली. काम तो करायचा, पण हजेरीपटात ओळ त्या परमानेंट माणसाचीच. माग रिकामा राहता कामा नये, एवढंच मिलला कळायचं.

त्याने सुरुवात सहा नंबरपासून केली, कारण तो सगळ्यांत जुना. तो बिघडला तरी चाललं असतं. डिस्क म्हणजे एक लांब खोली, आणि विंडोज त्यात सामान अस्ताव्यस्त पसरून बसलेला. आधी ते एका बाजूला सारायचं, मग उरलेल्या जागेत भिंत घालायची. पडद्यावर छोटे निळे चौकोन एकेक करून डावीकडे सरकत होते. पाऊण तासाने सगळे सरकले. एक सोडून. खोलीच्या पार टोकाला एक चौकोन तसाच राहिला. रत्नपालने मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा सगळं सारून बघितलं. चौकोन जागचा हलला नाही. असतात अशा काही फायली, मासिकात वाचलं होतं त्याने. त्याने त्याच्या अलीकडे भिंत घातली. जागा थोडी कमी मिळाली, पण काम भागण्यासारखं होतं.

लिनक्स बसलं. मशीन पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर दोनच अक्षरं उमटली: एल आणि आय. पुढे काही नाही, नुसती रेघ लुकलुकतेय. सुरू करणारा जो छोटा प्रोग्राम असतो तो आपलं चार अक्षरी नाव एकेक अक्षर करून लिहितो. जिथे थांबला, तिथे अडलं असं समजायचं. दोनवर अडला म्हणजे पुढचा भाग त्याला सापडतच नाही. रत्नपालने पुन्हा बसवलं, पुन्हा दोन अक्षरं. तिसऱ्यांदा तेच. एकच मशीन असं करतंय, तर सहा कशी व्हायची?

मग सीडीतलं मदतीचं पान त्याने ओळ न ओळ वाचलं, इंग्रजीचा शब्दकोश शेजारी घेऊन. जुन्या मशीनला डिस्कवर एका ठराविक रेषेपलीकडचं दिसत नाही, असं होतं ते. सिस्टम तिथे असते, पूर्ण असते, पण हजेरी घेणाऱ्याची नजर तिथवर पोचत नाही. उपाय सोपा होता. खोलीच्या तोंडाशी एक छोटा कोनाडा काढायचा आणि सुरू होण्यापुरतं सामान तिथे ठेवायचं.

या खेपेला त्याने कोनाडा काढला. बसवताना शेवटी मशीनचं नाव विचारलं गेलं. नानांचं बोलणं आठवून त्याने गमतीत लिहिलं: बदली. वापरणाऱ्याचं नाव विचारलं, तिथे लिहिलं: रत्नपाल. पासवर्ड प्राचीची जन्मतारीख. प्राची त्याची पोर, नऊ वर्षांची.

चारही अक्षरं उमटली. पडदा ओळींनी भरला. आणि शेवटी ती ओळ आली, जी आता तो जे काही टाइप करील त्याच्या आधी येणार होती: रत्नपाल ॲट बदली.

त्याला एवढा आनंद झाला की तो जिना उतरून नानांना हाताला धरून वर घेऊन आला. नानांनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"हे तू लिहिलंस?"

"मग कोण लिहिणार?"

"खोड ते." नाना मागे सरले. "आपला बदली आपण लिहीत नसतो रे. जॉबर लिहितो, टाइमकीपर लिहितो. आपल्या हाताने नाही लिहायचं कधी."

"नाना, हे मशीन आहे."

"मागपण मशीनच होता," नाना म्हणाले आणि खाली गेले.

म्हातारपण, दुसरं काय, रत्नपाल मनात म्हणाला. नाव बदलायला दोन मिनिटं लागली असती. पण एवढ्या खटपटीने चाललेल्या मशीनला हात लावायची त्याची छाती होईना.

घड्याळ मात्र चुकलं होतं. भिंतीवर अकरा वाजून चाळीस, मशीनमध्ये सव्वापाच व्हायला पाच मिनिटं कमी. हेही पानावर होतं: विंडोज इथली वेळ धरतं, लिनक्स तीच वेळ विलायतेची समजून साडेपाच तास वर चढवतं. रत्नपालला आठवलं, आत कोण आलं, कधी आलं, कधी गेलं हे दाखवणारी एक आज्ञा असते, लास्ट नावाची. टाइम ऑफिसातल्या माणसाला अशी गोष्ट मिळाल्यावर तो गप्प बसतो होय! त्याने ती दिली.

दोन ओळी आल्या. एक आत्ताची: रत्नपाल, शुक्रवार. दुसरीही रत्नपालचीच, आजचीच: आत सहा वीस, बाहेर आठ पाच.

त्याने बोटांवर मोजलं. संध्याकाळच्या सहा वीसमधून साडेपाच तास वजा केले तर दुपारचे बारा पन्नास होतात. आत्ता तर बारासुद्धा वाजले नव्हते. हिशेब जुळेना. त्याने घड्याळ नीट केलं आणि पडदा पुसून टाकला.

दुपारी टायपिंगवाल्यांनी सगळी मशीनं अडवली. चार वाजता रत्नपाल निघाला, आधीच परवानगी घेतली होती; प्राचीच्या शाळेत गॅदरिंग होतं. पाच मशीनं बाकी आणि हातात एक शनिवार. शाळेच्या मैदानावर दुसऱ्या रांगेत तो दुर्गाशेजारी बसला. प्राची लाल लुगडं नेसून कोळ्यांच्या नाचात आली तेव्हा त्याने सहज मनगटाकडे बघितलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मग त्याने पुन्हा घड्याळ बघितलं नाही, जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी नाना म्हणाले, "काल लय दम काढलास, भिया. मी कुलूप लावायला आलो तेव्हा कुठे उतरलास."

"मी? मी तर चारला गेलो."

"मग परत आलास की." नानांनी वही फिरवून दाखवली. शुक्रवार, रत्नपाल तायडे, आत सहा अठरा, बाहेर आठ सात. खाली सही. तायडेतल्या 'ड'ची शेपटी लांब ओढायची त्याची खोड होती. ओढलेली होती.

तो वर गेला तर मॅडम आतल्या खोलीत उभ्या, डोळे आनंदाने मोठे झालेले. पाचही मशीनं चालू होती. पाचांवरही लिनक्स बसलेलं, एकही अडखळलेलं नाही.

"काय माणूस आहात हो तुम्ही! काल शाळेतून परत येऊन हे सगळं केलंत? मी तर रात्री झोपले नव्हते, म्हटलं भोपाळला फोन करावा लागतोय."

आता इथे रत्नपालने सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्याने. 'मॅडमजी, मी इथे नव्हतो,' एवढे चारच शब्द. पण ते उच्चारले तर पुढचा प्रश्न येणार होता, मग कोणी केलं? आणि ज्याने केलं, त्याच्या नावाने पत्र टाइप होणार होतं. नऊ वर्षं डोळ्यांपुढून गेली, धर्मकाटा, छापखाना, मानपुरचा नाका.

"हो मॅडमजी," तो म्हणाला. "म्हटलं करूनच टाकू."

त्या छान हसल्या. "एक करा, सहाही मशीनवर लिनक्स पहिलं ठेवा. दहा सेकंदात कोणी बटण दाबलं नाही, तर तेच सुरू व्हायला पाहिजे."

त्याने एक ते पाचवर ते केलं. सहा नंबरवर नाव टाकलं, पासवर्ड टाकला. लॉगिन इनकरेक्ट. सावकाश, एका बोटाने, पुन्हा टाकला. लॉगिन इनकरेक्ट. प्राचीची जन्मतारीख तो विसरणं शक्य नव्हतं. पण मशीन त्याला ओळखत नव्हतं.

मागचा दरवाजा होता. मशीनच्या मालकाच्या नावाने, पासवर्डशिवाय आत शिरायची एक वाट असते, अडीअडचणीसाठी. तो तिथून शिरला आणि पुन्हा लास्टची आज्ञा दिली. ओळी आता पडदाभर होत्या. सगळ्या रत्नपालच्या. सगळ्यांत वरच्या ओळीत आत आल्याची वेळ होती, बाहेर गेल्याची नव्हती. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं: अजून आत आहे.

त्याने ते नावच पुसायची आज्ञा दिली. उत्तर आलं: रत्नपाल सध्या काम करत आहे, काढता येणार नाही.

खोलीत तो एकटाच होता. पंखा चालू होता, कव्हरांच्या कडा हलत होत्या. आता तो घाबरला, अगदी सरळसरळ घाबरला. त्याच्या पिशवीत एक फ्लॉपी होती. ती घालून एक ओळ टाइप केली असती, की सहा नंबरवरून लिनक्स मुळासकट गेलं असतं. त्याने फ्लॉपी काढली, हातात धरली. सोमवारी मॅडम विचारणार, सहा नंबरचं काय झालं? पुन्हा बसवता येईल? बसलं नाही तर? भोपाळ.

त्याने फ्लॉपी पिशवीत परत ठेवली, आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे सहा नंबरलाही दहा सेकंद लावले.

उतरताना तो नानांपाशी थांबला. "नाना, आपल्या हाताने बदली लिहिला तर काय होतं?"

नानांनी तंबाखू चोळणं थांबवलं. "तुकोजी आठवतो? माझ्या खात्यातला, डावखुरा. बहिणीच्या लग्नाला देवासला गेला. मी त्या दिवशी नव्हतो, चिठ्ठी त्याने स्वतःच लिहून खिडकीत दिली. तुझ्याच खिडकीत. चौथ्या दिवशी परत आला तर बिल्ला घ्यायला कोणी तयार नाही."

रत्नपालला आठवलं. खिडकीपलीकडे एक माणूस यायचा, साहेब मी तुकोजी, म्हणायचा. हजेरीपटात तुकोजीची ओळ भरलेली असायची, बिल्ला पेटीत असायचा. तुकोजी तर आत गेलाय, असं तो वहीतून मान वर न करता सांगायचा. सात-आठ दिवस तो आला. मग यायचा बंद झाला.

"तो वेडा होता ना कोणी तरी? तुकोजी तर मिल बंद होईस्तोवर मागावर होता."

"होता ना," नाना म्हणाले. "मीच त्याला काम द्यायचो. झकास काम. फक्त उजव्या हाताने करायचा."

रत्नपाल पाच वाजता घरी पोचला तेव्हा दुर्गा चकित झाली. "अहो, आत्ता तर चहा घेऊन गेलात. काही विसरलं का?"

मोरीत एक कप विसळून उपडा घातलेला होता. रत्नपाल चहाचा कप कधी विसळत नसे. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यावरून दुर्गा अजून बोलायची. आज तिने त्या कपाकडे बघितलं आणि लाडाने म्हणाली, "परमानेंट होणार तर किती शहाणे झालात."

त्याने तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? रविवारी तो घराबाहेरच पडला नाही. दुर्गा दळण आणायला गेली की प्राचीजवळ बसायचा, प्राची खेळायला गेली की दाराशी उभा राहून तिला बघायचा. "आज काय झालंय यांना?" असं दुर्गाने दोनदा विचारलं. संध्याकाळी त्याने ठरवलं. सोमवारी पत्र हातात पडलं, की पहिली गोष्ट म्हणजे फ्लॉपी घालायची. पत्र तेवढं पडू दे.

सोमवारी सात वाजून पाच मिनिटांनी तो निघाला. महूनाक्याच्या आधी सायकलची चेन उतरली. त्याने बसवली, वीस पावलांवर पुन्हा उतरली. हात काळे झाले. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा तो सायकल हाताने ढकलत पळत सुटला.

जिन्यापाशी पोचला तेव्हा सात वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

नाना स्टुलावर होते. वर चपलांचा ढीग दिसत होता, बॅच भरली होती. रत्नपालने धापा टाकत वही ओढली. आजच्या तारखेखाली पहिलीच ओळ भरलेली होती. रत्नपाल तायडे, सात तीस.

"नाना, हे कोणी लिहिलं?"

नानांनी मान वर केली. त्याच्याकडे नीट बघितलं, काळ्या हातांकडे बघितलं. "कोणाला भेटायचंय आपल्याला?"

"नाना, थट्टा नको. मी आहे."

"हो, पण आपण कोण?"

आवाज सभ्य होता. नाना अनोळखी माणसाशी असंच बोलायचे.

"नाना, मी रत्नपाल! तुकोजीची गोष्ट परवा तुम्हीच सांगितलीत ना!"

नानांच्या कपाळाला आठी पडली. "तुकोजीला तुम्ही कसे ओळखता? मिलमध्ये होतात का?"

वरून मॅडमचा आवाज आला. "रत्नपालजी, जरा सहा नंबर बघता का?"

"आलो मॅडमजी," खाली उभा असलेला रत्नपाल ओरडणार होता. त्याच्या आधीच वर कोणीतरी तेच म्हणालं. तोच आवाज, तोच 'जी'.

तो दोन पायऱ्या चढला. नानांनी त्याच्या दंडाला धरलं. घट्ट नाही, पण जॉबरचा हात होता तो. "सही केल्याशिवाय वर नाही जायचं, भाऊ. आणि क्लास चालू आहे. कामासाठी आला असाल तर नाव लिहून ठेवतो. कधी कोणी आलं नाही तर निरोप देऊ."

नानांनी पेन पुढे केलं. रत्नपालने ते घेतलं. वहीवर टेकवलं. नाव सुचेना.

साडेआठला रस्त्यावर रिक्षा थांबली तरी तो तसाच पेन धरून उभा होता. दुर्गा उतरली, अंगावर निळी ठेवणीतली साडी, हातात स्टीलचा डबा. मागून प्राची, शाळेच्या कपड्यात.

"नानाजी, जय भीम," दुर्गा म्हणाली. तिचा चेहरा असा फुललेला त्याने नऊ वर्षांत बघितला नव्हता. "शेजाऱ्यांकडे यांचा फोन आला होता, पत्र मिळालं म्हणून. म्हटलं मॅडमना आपल्या हाताने गोड द्यावं."

"जा, जा, वरच आहे तो," नाना म्हणाले.

"दुर्गा," तो म्हणाला.

तिला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. जिना अरुंद होता आणि तो मधोमध उभा होता. तिने पदर सावरला, नजर खाली ठेवली.

"भाऊ, जरा बाजूला होता?"

तो बाजूला झाला.

ती वर गेली. प्राची तिच्या मागे चार पायऱ्या चढली आणि थांबून वळली.

"आई, ते काका रडतायत."

"बघू नये असं," दुर्गा वरून म्हणाली. "काम मागायला आले असतील बिचारे. चल, बाबा वाट बघतायत."